आभाळ म्हटलं की उताणं व्हायचं

तलासरी,
१२ जानेवारी २०२५

सौ. चंद्रावती वहिनीस,
नणंद संगीताचा नमस्कार वि. वि. (साष्टांग घालायचे दिवस गेले, गुडघे दुखतात. उभ्यानेच घालते, गोड मानून घे.)

हे पत्र तुला एकटीला नाही. बोंबील दोरीवर घालून झाले की ज्या बाया तुझ्या ओटीवर टेकतात, त्या सगळ्यांना वाचून दाखव.

पाण्याकाठी लेकरं वाढवणाऱ्या बायांनो, तुमचं आणि आमचं गाऱ्हाणं एकच आहे. पोर तापाने गेलं तर लोक औषधाला दोष देतात. साप चावून गेलं तर नशिबाला देतात. पण पोर पाण्यात गेलं की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, आई कुठे होती? विहिरीला कठडा होता का, तळ्याला कुंपण होतं का, हे कोणी विचारत नाही. आई मजुरीला होती. आई हंडा घेऊन हातपंपावर होती. आई तुमच्याच शेतात वाकून लावणी करत होती. तरी प्रश्न तिलाच.

झालं, भाषण संपलं. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतेस आणि भात करपला म्हणून सांगतेस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हा कागद.

आमच्या पाड्यावरची काळी तुला आठवत असेल. तिचा चैत्या दीड वर्षापूर्वी श्रावणात शेततळ्यात गेला. तीन वर्षांचा होता. तेव्हापासून तळ्यांना कुंपण हवं म्हणून मी अर्जांवर अर्ज देते आहे, ग्रामसभेत टेबल बडवते आहे. उत्तर एकच, बघू.

इकडे घरात वेगळंच होऊन बसलंय. आपल्या सुनिलची भाविका अडीच वर्षांची झाली. सुनिल अच्छाडला कंपनीत जातो, सून निलम अंगणवाडीत कामाला, आणि पोर दिवसभर माझ्यापाशी. ती तळ्याकडे जाऊ नये म्हणून मी तिला सांगितलं की तळ्यात काळा बुवा राहतो. आता ती आंघोळीच्या बादलीलाही घाबरते. तांब्या उचलला की किंचाळते. जन्मभर मी भुताखेतांविरुद्ध सभा गाजवल्या आणि घरात बुवा आणून बसवला तो मीच. यावर तुझ्याकडे काही उपाय असेल तर कळव.

दादाला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, माझ्या भाषणांनी आटू देऊ नको.

तुझी,
संगीता


झाई,
२१ जानेवारी २०२५

चि. संगीताबायेस,
वहिनीचा आशीर्वाद, उभ्याने घातलेल्या नमस्काराला बसल्या बसल्या.

पत्र बायांना वाचून दाखवलं. हिराबाईने दोनदा वाचायला लावलं. तिचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत गेला होता, आणि तिच्या आईला मरेपर्यंत तोच प्रश्न ऐकावा लागला. तुझं बोलणं खरं आहे, बाय.

पण उपाय विचारशील तर हसू येतं. तू खाडीकाठी जन्मलीस, आठव्या वर्षी वसतिगृहात गेलीस आणि कोरडीच राहिलीस. झाईत विचार, पोरांना पाणी कोण शिकवतं, तर सगळे सांगतील कोणी नाही, आमची पोरं आपोआप शिकतात. साफ खोटं. मी शिकवते. गेली तीस वर्षं या आळीतलं दोन-अडीच वर्षांचं प्रत्येक पोर माझ्या हातावर उताणं झोपलंय. तुझा सुनिलही आजोळी आला की माझ्याच हातावर होता. तू तेव्हा कुठल्या तरी मोर्चात होतीस.

पोराला भीती घालून पाण्यापासून लांब ठेवता येत नाही. पाणी स्वतःच चालत येतं. पावसाळ्यात अंगणात येतं, बादलीत येतं. पोराला एवढंच शिकवायचं की पडलो तर काय करायचं. तुझे अर्ज मंजूर होतील तेव्हा होतील.

एक मात्र विचारते, राग मानू नको. पत्र संपल्यावर हिराबाईने विचारलं, ते तळं कोणाचं? मी कागद उलटा करून पाहिला. तू सगळ्यांची नावं लिहिलीस, तळ्याच्या मालकाचं लिहिलं नाहीस.

तुझा दादा बोटीवर आहे. मनात मला ठेव, आणि उत्तर खरं ठेव.

वहिनी


तलासरी,
२ फेब्रुवारी २०२५

वहिनी,
नमस्कार.

तळं आमचं आहे.

सुनिलने मोगऱ्यासाठी खणलं, तळाला आणि उताराला प्लास्टिकचा जाड कागद घातला. कुंपण पावसाळा संपल्यावर घालू, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. मीसुद्धा. चैत्या गेला त्या दिवशी काळी आमच्याच बागेत कळ्या खुडत होती. पोरगं बांधावर खेळत होतं. आठ दिवसांत सुनिलने तारेचं कुंपण उभं केलं. आठ दिवस आधी का नाही, हे मी कुठल्याच सभेत बोलले नाही. अर्ज लिहिताना दोष समोरच्याचा असतो, म्हणून मी अर्ज लिहीत राहिले.

काळीने आम्हाला शिवी दिली नाही. फक्त यायची थांबली. आमच्या बांधावरून तिच्या घरची वाट सोपी आहे, तरी ती लांबून ओहोळाच्या कडेने जाते, कडेवर सव्वा वर्षांची धाकली घेऊन. आई कुठे होती हा प्रश्न तिला लोकांनी विचारला तेव्हा मी तिच्या बाजूने तासभर बोलले. ती आमच्याकडे होती, हे एक वाक्य मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

तू ये. बुवा घालवायला ये.

संगीता


झाई,
९ मार्च २०२५

चि. संगीताबायेस,
आशीर्वाद. गाडी वेळेत मिळाली, सुखरूप पोहोचले. कंबर अजून दुखते, कारण तुला माहीत आहे.

ते कारण आपल्या दोघींत राहू दे. बंदरावर कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि तुझ्या दादाला तर मुळीच सांगू नको.

मला वाटलं होतं, काष्टा मारावा, तळ्यात उतरावं, चार हात मारून भाविकाला दाखवावं की बुवाबिवा कोणी नाही. उतरले, पोहले, पोरीने टाळ्या वाजवल्या. इथवर ठीक. मग बाहेर यायला गेले. चार पावलं वर, पाच पावलं खाली. त्या कागदावर शेवाळ इतकं, की बोट टेकवावं तर बोट घसरतं. चढून चढून दम लागला. पन्नास वर्षं पाण्यात काढलेली बाई आणि पोराटोरांच्या तळ्यात अडकले. तू पंपाचा दोर टाकलास आणि निलमने ओढलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. हसलीस ती नंतर हसलीस, ते मी पाहिलं. आधी तुझा चेहरा पांढरा पडला होता, तेही पाहिलं.

आमची चूक अशी की आम्हाला वाटतं, पाणी म्हणजे समुद्रच. समुद्र माणसाला वर धरतो, खारं पाणी आहे ते. गोडं पाणी तसं धरत नाही. आणि समुद्रातून चालत बाहेर येता येतं. तुझ्या तळ्याला काठ आहे, किनारा नाही.

तेव्हा नुसतं तरंगायला शिकवून पुरणार नाही. हाताला धरायला काहीतरी हवं. मी विचार करते आहे.

निलम म्हणाली की हे पाहून तर पोरीला पाण्यात घालायची तिची हिंमतच गेली. तिला बोलू नको. आई आहे, भ्यायलाच हवी. फक्त मे महिन्यात दोघींना पंधरा दिवस इकडे पाठव.

वहिनी


तलासरी,
१७ मार्च २०२५

सौ. वहिनीस,
नमस्कार, या वेळी कानाला हात लावून.

दादाला सांगायला नको होतं, कबूल. पण त्याने फोनवर विचारलं की चंद्रावती वाकून का चालते, आणि मला खोटं बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तो इतका हसला की बोटीवरच्यांनी फोन काढून घेतला. आता सगळं बंदर तुला तळ्यातली पापलेट म्हणतं, असं ऐकते. वहिनी, मला रागाव, पण एक ऐक. मी इतकी पुस्तकं वाचली, इतकी माणसं व्यासपीठावर पाहिली. चूक झाली की ती दुसऱ्याच्या गळ्यात घालणारी माणसंच जास्त भेटली. तू घसरलीस आणि घसरल्या घसरल्या शिकलीस. असं माणूस मी कमी पाहिलं.

निलम यायला तयार आहे. तिची एक अट आहे. भाविकाच्या आधी ती स्वतः पाण्यात उतरणार, तिला उताणं होता आलं तरच पोरीला हात लावायचा. मी तिला नुसती भित्री समजत होते. पुन्हा चुकले.

तुझ्या रागासकट तुझी,
संगीता


झाई,
२८ मे २०२५

चि. संगीताबायेस,
तळ्यातल्या पापलेटचा आशीर्वाद.

निलम आणि भाविका परवाच्या गाडीने निघतील. तू सभांमुळे आली नाहीस, म्हणून सगळं लिहून कळवते.

पहिले तीन दिवस पाण्याकडे गेलोच नाही. अंगणात तांब्याने खेळलो. मी भाविकाच्या डोक्यावर पाणी घालायचं, तिने माझ्या डोक्यावर. घालायच्या आधी एक, दोन म्हणायचं, म्हणजे पोर श्वास धरतं. चौथ्या दिवशी ती तांब्या घेऊन माझ्या मागे धावू लागली. बुवा तिथेच संपला.

मग भरतीचं पाणी खाडीच्या कडेला जिथे गुडघाभर साचून उभं राहतं तिथे गेलो. ओहोटी लागली की त्या पाण्यात पाऊल घालायचं नाही, ते ओढतं. आधी निलम. दोन दिवस ती लाकडासारखी ताठ होती, नाकातोंडात पाणी गेलं, खोकली, पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी तिने मान सैल सोडली आणि तरंगली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खारं की गोडं विचारू नको.

पोरीचं डोकं माझ्या तळहातावर, कान पाण्यात, पोट वर. मी एकच शब्द बोलते, आभाळ. आभाळ म्हटलं की उताणं व्हायचं आणि वर बघायचं. रडायचं असेल तर वर बघून रडायचं. माझ्या सासूने मला हेच दिलं, दुसरं काही शास्त्र नाही. बाराव्या दिवशी मी हात चार बोटं खाली घेतला आणि भाविकाला कळलंच नाही. वर एक बगळा चालला होता, तो तिने निलमला बोटाने दाखवला. तेवढा वेळ तिला कोणीच धरलेलं नव्हतं.

पण बाय, नीट वाच. शिकलेल्या पोरावर दुप्पट नजर ठेवायची. न शिकलेलं पोर पाण्याला भितं, शिकलेलं पाण्याकडे जातं. हाताच्या अंतरावर मोठं माणूस नसेल तर पाणी नाही. घरी गेल्यावर पंपाजवळच्या हौदात रोज सराव घ्या. गोड्या पाण्याची सवय वेगळी लागते.

आता धरायचं काय, ते. तुमच्या वडिलांचं डोलीचं, खाडीत खुंटांना बांधायचं पिशवीसारखं, जुनं जाळं माळ्यावर आहे. त्याच्या तोंडाकडचा भाग जाड दोराचा आहे, घरं हातभर मोठी. तो उतारावर ताणून बसवला तर शिडी होते. बारीक जाळं चालणार नाही, त्यात पाय अडकतो. मी तुझ्या दादाला विचारलं. तो म्हणाला, ज्या जाळ्याने घर पोसलं ते परक्या पाण्यात टाकत नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग काल भाविकाला उताणी तरंगताना पाहून आला, माळ्यावर चढला आणि ते जाळं ओटीवर आणून टाकलं. म्हणाला की संगीचं तळं परकं कसं.

निलमबरोबर पाठवते. टोकांना दगड बांधू नका, कागद फाटेल. वाळूच्या पिशव्या बांधा.

वहिनी


तलासरी,
६ जुलै २०२५

सौ. वहिनीस,
ओल्या हाताने नमस्कार.

बाबांचं जाळं तळ्याच्या चारही उतारांवर ताणून बसलं. सुनिलने वरचे खुंट ठोकले, मी वाळू भरली. मग मी, साठीला आलेली कोरडी बाई, दोर धरून कमरेपर्यंत उतरले आणि पाऊल न घसरता वर आले. बाबांच्या हाताच्या गाठी अजून त्या दोरांना आहेत. दादाला सांग.

हौदात रोज संध्याकाळी निलम भाविकाचा सराव घेते. पाचव्या दिवशी पाहिलं तर ओहोळाच्या वाटेवर काळी उभी. धाकली कडेवर. आम्ही पाहिलं तशी ती निघून गेली. सहाव्या दिवशी पुन्हा. निलम रोज पाच वाजता हौदाशी एक जास्तीचा पंचा ठेवू लागली. नवव्या दिवशी काळी बांध ओलांडून आत आली.

मी तेव्हा भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, की चैत्या गेला तेव्हा तू आमच्या कामावर होतीस आणि तळं आमचं होतं, हे मी उद्याच्या ग्रामसभेत उभी राहून सांगणार आहे. तिने धाकलीला कडेवरून खाली ठेवलं. मग म्हणाली की सांग, पण आधी पोरीला शिकव.

सभेत मी सांगितलं. सभा शांत झाली. इतकी शांतता माझ्या कुठल्याच भाषणाला मिळाली नव्हती.

आता काळी स्वतः हौदात उतरते. ज्या पाण्याने पोर नेलं त्याच गावच्या पाण्यात ती दुसऱ्या पोराला हातावर घेऊन आभाळ म्हणते. मी आयुष्यभर धैर्य या शब्दावर बोलत आले, वहिनी. तो शब्द मी आता जपून वापरीन.

तुझी,
संगीता


तलासरी,
१२ ऑक्टोबर २०२५

सौ. वहिनीस नमस्कार,
आणि झाई बंदरावरच्या सगळ्या बाया-बाप्यांना नमस्कार.

हे पत्र मोठ्याने वाच. दादालाही समोर बसव.

पाण्याकाठी लेकरं वाढवणाऱ्या माणसांनो, मागच्या आठवड्यात आमची भाविका तळ्यात पडली. ती जिवंत आहे, हे आधी सांगते. आता विचारा, आजी कुठे होती? आजी फोनवर होती. पलीकडच्या गावात लेकरांच्या सुरक्षेवर बोलायचं होतं, त्याचे मुद्दे सांगत होती. कुंपणाच्या फाटकाची कडी आजीनेच उघडी टाकली होती. चंद्रावती वहिनीने मे महिन्यातच लिहिलं होतं की शिकलेलं पोर पाण्याकडे जातं. ते मी वाचलं होतं आणि विसरले होते.

पाऊस संपत आला होता, तळं काठोकाठ होतं. काळी धाकलीला घेऊन हौदाकडे येत होती. तिला तळ्यातून आवाज आला. रडण्याचा नाही, एक शब्द, पुन्हा पुन्हा. आभाळ. भाविका उताणी होती, वर बघत होती आणि स्वतःलाच सांगत होती. काळीने धाकलीला फाटकाबाहेर ठेवलं आणि आत शिरून कडी लावली. एवढ्या घाईत तिला कडी लावायचं सुचलं, मला फुरसतीत सुचलं नव्हतं. मग ती बाबांच्या जाळ्यावरून पायरी पायरीने छातीपर्यंत उतरली. एक हात दोराला, दुसऱ्या हाताने पोरीचा झगा. मी धावत पोहोचले तेव्हा दोघी जाळ्यावर होत्या. तोवर मला फक्त फाटक खडखडवणारी धाकली ऐकू आली होती.

ज्या तळ्यात तिचा चैत्या गेला, त्याच तळ्यातून तिने आमची पोर मला आणून दिली. मी तिच्या पायाशी बसले. तिने मला उठवलं आणि म्हणाली, रडू नको, त्या वेळी जाळं नव्हतं. एवढंच. तिने मला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारणार नाही, तो हक्क तिचा आहे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भाविकाची छाती तपासून घेतली, ती बरी आहे. तिसऱ्या दिवशी काळी आणि निलम पाड्यापाड्यांवर फिरल्या. कागद घातलेली अकरा तळी आहेत. एकालाही धरायला काही नाही. मी अर्ज केला आहेच, टेबलही बडवणार आहे. पण पुढच्या पावसाची वाट बघायला पोरांना वेळ नाही.

आणि यापुढे कोणी विचारलं की आई कुठे होती, तर आमच्या पाड्याचं उत्तर ठरलं आहे. आई पाण्यात उतरली होती.

झाईकरांनो, तुमच्या माळ्यांवर मोडीत काढलेली डोलीची जाळी आहेत. ती परक्या पाण्यात टाकत नाहीत, हे मला ठाऊक आहे, मी तुमचीच मुलगी आहे. पण ज्या पाण्यात आपल्या माणसाचं लेकरू पडू शकतं ते पाणी परकं नसतं, हे माझ्या दादाने मान्य केलं, तुम्हीही करा. तोंडाकडचा जाड दोराचा भाग कापा, गुंडाळा, आणि येत्या सत्तावीस तारखेला, सोमवारी, तलासरीच्या सकाळच्या गाडीवर चढवा. खाली उतरवून घ्यायला काळी थांब्यावर उभी असेल.

तुमची,
संगीता